मालनबाईंचा होकार

मालनबाई शेडग्यांची परदेशातली पहिली फजिती झाली ती एका बिस्किटापायी.

शेजारच्या विल्मानं त्यांना कॉफीला बोलावलं होतं. बोलावलं म्हणजे कसं, तर आठवडाभर आधी वार आणि वेळ ठरवून. मिरजेत मालनबाईंची खाणावळ होती. तिथं शेजारीण पिठाचे हात तसेच घेऊन दारात यायची आणि तासभर हलायची नाही. इथं भिंतीला भिंत लागून राहणारी बाई गुरुवारी साडेदहाची वेळ देते म्हटल्यावर त्या लेकीला, शर्वरीला, म्हणाल्या, "ही काय दातांची डॉक्टर आहे का गं?" पण गेल्या. नवी साडी, वर लेकीचा जाड कोट, कानात भाषांतर करणारं साधं यंत्र, म्हणजे दुभाष्या. विल्मा सत्तरी ओलांडलेली, उंच, ताठ कण्याची, एकटी राहणारी बाई. तिनं कॉफी ओतली आणि पत्र्याचा गोल डबा उघडून पुढं केला. मालनबाईंनी एक बिस्किट उचललं. लोण्यातलं, वर बदामाचा काप, तोंडात घातलं की विरघळलंच. "आणखी एक?" विल्मानं विचारलं. आता मालनबाई पडल्या चांगल्या घरच्या. त्या म्हणाल्या, "नको नको, बास झालं," आणि पुढच्या आग्रहाची वाट बघत बसल्या.

विल्मानं झाकण लावलं आणि डबा कपाटात ठेवून दिला.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा शर्वरीच्या डोळ्यांतून हसून हसून पाणी आलं.

"अगं, पण माणसाला निदान दुसऱ्यांदा तरी विचारावं! पहिल्या झटक्याला हो म्हणाले असते तर काय वाटलं असतं तिला? मिरजेहून उपाशी आलीय म्हणाली असती."

"आई, हा नेदरलँड्स आहे. इथं नको म्हणजे नको. एकदाच विचारतात."

पुढं विल्मा जेवायला आली तेव्हा उलटीच गत झाली. दोन पुरणपोळ्यांनंतर ती "नको" म्हणाली, मालनबाईंनी तिसरी वाढली. ती पुन्हा "नको" म्हणाली, यांनी वर तूप सोडलं. पानात पडलेलं टाकायचं नाही ही तिथलीही रीत, त्यामुळे विल्मानं ती पोळी मुकाट्यानं संपवली. जाताना दारात मात्र स्पष्ट सांगितलं, "जेवण सुंदर होतं. पण मी दोनदा नाही म्हटलं आणि तू ऐकलं नाहीस. ते मला आवडलं नाही." तोंडावर! मालनबाई दिवसभर धुमसत होत्या. पुरणपोळी वाढल्याबद्दल बोलणी खाणाऱ्या त्या पंचक्रोशीतल्या पहिल्याच बाई असतील.

तर अशी ही आयसल नदीकाठच्या एका छोट्या गावातली राहणी. दुपारी जेवण म्हणजे पावाचे दोन काप, त्यावर लोणी आणि चक्क चॉकलेटचा चुरा. संध्याकाळी सहाला सगळी गल्ली एकदम जेवायला बसते आणि त्या वेळी दारात गेलं तर लोक घड्याळाकडं बघतात. खिडक्यांचे पडदे उघडे टाकायचे, पण आत बघायचं नाही. वाढदिवस एकाचा असला तरी हात मिळवून अभिनंदन त्याच्या आईचं, मावशीचं, शेजाऱ्याचं, सगळ्यांचं करायचं. आणि ते वाढदिवस लिहिलेली दिनदर्शिका कुठं टांगायची, तर संडासात. "देवा रे," मालनबाई म्हणाल्या, "माझं नाव तिथं लिहू नका म्हणावं." कुठेही जा, पळसाला पानं तीनच म्हणतात. इथल्या पळसाला किती पानं होती कोण जाणे.

त्यांना इथं आवडत नव्हतं. करमत नव्हतं, पावाला चव नव्हती, आभाळ दिवसेंदिवस राखाडी. पण त्या फिरायला आल्या नव्हत्या. शर्वरी त्यांची एकुलती एक. इथल्या जलखात्यात बंधाऱ्यांची गणितं करायची, एकटी राहायची. नवऱ्याशी पटलं नाही, दोघं समजुतीनं वेगळी झाली. दोन हिवाळ्यांपूर्वी तिच्या हातातून कप सुटायला लागले. मज्जातंतूंवरचं आवरण झिजवणारा आजार, डॉक्टर म्हणाले. औषधानं वेग मंदावेल, थांबणार नाही. फोनवर ती रोज म्हणायची, "मी मजेत आहे, तू येऊ नकोस." नको म्हणजे काय असतं ते आईला कळतं. खाणावळ जावेच्या हाती सोपवून मालनबाई विमानात बसल्या. लेकीजवळ राहायचं हे त्यांनी मिरजेतच ठरवलं होतं, आणि आता फक्त कायमचा परवाना मिळायचा बाकी होता. तो फेब्रुवारीच्या आत मिळाला नाही तर परत जावं लागणार होतं.

परवान्यासाठी अर्ज केला तेव्हा निवास मंडळानं त्यांना नवा दुभाष्या दिला. आता या यंत्राचं शास्त्र थोडं सांगायला हवं.

साधा दुभाष्या शब्दाला शब्द ठेवतो. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची खोड आपल्याच लोकांना आहे असं नाही. कुठल्या देशात 'हो' म्हणजे नुसतं 'ऐकतोय', कुठं 'बघू' म्हणजे 'कधीच नाही'. शब्द बरोबर आणि अर्थ चुकीचा, यात व्यवहार अडायचे, दवाखान्यांत तर जीवावर बेतायचं. म्हणून संशोधकांनी शब्द सोडून शरीर धरलं. शब्द ओठावर येण्याच्या कणभर आधी मेंदूकडून घशाच्या आणि जबड्याच्या स्नायूंना अतिसूक्ष्म विद्युतसंदेश जातात. समोर हवीशी गोष्ट असेल तर ते एका तऱ्हेचे, नकोशी असेल तर दुसऱ्या. त्याच क्षणी हृदयाच्या ठोक्यांमधलं अंतर बदलतं, कातडीला जराशी ओल सुटते. माणसाला स्वतःला याचा पत्ता नसतो. गळ्याखाली चिकटवायची बोटभर पारदर्शक पट्टी हे सगळं टिपते. देशोदेशीच्या लाखो लोकांचे असे ठसे घेऊन, नंतर त्यांना एकांतात 'खरं काय ते सांगा' असं विचारून, यंत्राला शिकवलं होतं. त्यामुळे ते 'नको नको, बास झालं' ऐकायचं, खाली अंगात ओढ आहे की माघार ते बघायचं, आणि छातीवरच्या बटणाएवढ्या कर्ण्यातून त्या ओढीचंच भाषांतर करायचं.

पुढच्या गुरुवारी विल्मानं डबा पुढं केला. एक झाल्यावर विचारलं, "आणखी?"

"नको नको."

कर्ण्यातून खणखणीत डच भाषेत काहीतरी आलं. विल्माचे डोळे मोठे झाले. तिनं डबा पुन्हा उघडला आणि मालनबाईंच्या मांडीवरच ठेवला. ती काय म्हणाली ते कानात मराठीत उमटलं, "यंत्र म्हणतंय, तुला आणखी दोन हवीत."

मालनबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. मग विल्मा हसायला लागली, मग याही हसायला लागल्या, आणि दोघींनी मिळून डबा संपवला. त्या दिवसापासून दोघींचं जमलं. यंत्राचं नाव मालनबाईंनी चहाडखोर ठेवलं. पोटातलं ओठावर आणणारा हा मेला चहाडखोर, पण बिस्किटं मिळवून देतो, असं त्या जावेला फोनवर कौतुकानं सांगायच्या.

मुलाखतीच्या दिवशी शर्वरी सोबत होती. अधिकारी ब्राउवरबाई पन्नाशीच्या, हसतमुख, स्वतः उठून कॉफी घेऊन आल्या. आधी त्यांनी कायदा समजावला. मुलांनी म्हाताऱ्या आयांना दूरदेशाहून आणून घरकामाला जुंपावं आणि अधिकाऱ्यांसमोर त्या आयांनी लेकाच्या तोंडाकडं बघत 'मी खुशीनं आले' म्हणावं, असं बरंच घडलं होतं. ते थांबावं म्हणून परवान्याआधी पट्टी लावून विचारायचं ठरलं होतं. मालनबाईंना हे पटलं. अशी एक आई त्यांनी मिरजेतही पाहिली होती.

"तुम्हाला इथं, मुलीजवळ, कायमचं राहायचं आहे का?"

त्या एका क्षणात मालनबाईंच्या मनात काय आलं? खाणावळीतली सकाळची फोडणी आली. भाकरी थापता थापता होणारी बायकांची चेष्टा आली, अंगणातलं ऊन आलं. मग शर्वरीची बोटं आली. त्या ठामपणे म्हणाल्या, "हो. मला लेकीजवळ राहायचंय."

कर्णा बोलला. शर्वरीनं मान झटक्यात आईकडं वळवली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

ब्राउवरबाईंनी तोच प्रश्न दोन वेगळ्या तऱ्हांनी विचारला. मालनबाईंनी दोन्ही वेळा हो म्हटलं. कर्णा दोन्ही वेळा तेच बोलला. शेवटी ब्राउवरबाई पुढं वाकल्या आणि फार मायेनं म्हणाल्या, "मालनबाई, तुमच्यावर कुणाचा दबाव असेल तर आम्ही तुमच्या बाजूनं आहोत. तुमची इच्छा नसताना आम्ही तुम्हाला इथं ठेवणार नाही."

"पण मी तर हो म्हणाले!"

"तुम्ही म्हणालात," ब्राउवरबाई म्हणाल्या. अर्ज नामंजूर झाला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. गाडी आपली आपण चालत होती आणि शर्वरी खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर तिनं कोट काढायला घेतला. चेन सरकेना. मालनबाई पुढं झाल्या.

"नको. मी करेन." तिनं दातांनी चेन ओढली. मग एकदम म्हणाली, "तू माझ्याशी खोटं बोललीस. रोज विचारत होते, करमतंय ना? रोज म्हणालीस, हो गं, छान आहे."

"मग काय सांगू? तुझ्या देशाचा पाव मला गिळवत नाही म्हणून सांगू? आवडत नाही मला इथं. अजिबात आवडत नाही. झालं समाधान?"

"मग जा ना! कुणी धरून ठेवलंय? मला त्याग-बिग नकोय कुणाचा. तू इथं मन मारून राहणार, आणि मी रोज तुझं तोंड बघून अपराध्यासारखी जगणार? त्यापेक्षा मी पगारी बाई ठेवते."

"शर्वे, तुझ्या वेळी दीड दिवस कळा देत होते मी. तेव्हा ही पट्टी गळ्याला असती तर तिनं काय सांगितलं असतं गं? हिला मूल नकोय म्हणून?"

शर्वरीनं कोट खुर्चीवर टाकला. मग "ते वेगळं," एवढंच म्हणून आपल्या खोलीत गेली. मालनबाईंना रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. आयुष्यात त्यांना बऱ्याच गोष्टी नाइलाजानं कराव्या लागल्या होत्या. ही एक त्यांनी आपण होऊन ठरवली होती, आणि नेमकी तीच जबरदस्ती ठरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वेळबिळ न घेता विल्माच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. विल्मानं दार उघडलं, घड्याळाकडं बघितलं, मग मालनबाईंच्या डोळ्यांकडं बघितलं आणि आत घेतलं.

"हरकत घे," सगळं ऐकून ती म्हणाली. "त्यात भांडण काही नाही, इथं सगळे घेतात. पलीकडच्यानं माझ्या झाडाच्या सावलीवर हरकत घेतली होती. आम्ही अजून एकमेकांच्या वाढदिवसाला जातो. पण कारण खरं दे. 'मला मनापासून राहायचंय' हे कारण चालणार नाही, ते खोटं आहे."

"मला राहायचं वाटत नाही, पण मी राहणार आहे," मालनबाई म्हणाल्या.

कर्णा दोन-तीन शब्द बोलून थांबला. विल्मानं कपाळाला आठ्या घातल्या. "तू बरंच बोललीस. यानं एवढंसंच सांगितलं. बाकीचं कुठं गेलं?"

मालनबाईंनी पट्टी ओढून काढली. साधा शब्दाला शब्द ठेवणारा दुभाष्या लावला आणि तेच वाक्य पुन्हा उच्चारलं. विल्मानं ते पूर्ण ऐकलं. बराच वेळ ती कॉफी ढवळत राहिली. मग विचारलं, "नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दुपारी मोकळी आहेस? शर्वरीलाही आण. आणि ते यंत्र लावून ये."

आता तिथली एक रीत ऐका. वर्षाच्या पहिल्या दिवशी, ऐन थंडीत, ही शहाणीसुरती माणसं नारिंगी लोकरी टोप्या घालून, अंगावर जेमतेम कपडे ठेवून, बर्फासारख्या पाण्यात उड्या घेतात. कुणी समुद्रात, कुणी गावच्या तळ्यात. पुण्य नाही, नवस नाही, बक्षीस नाही. बाहेर आल्यावर वाटीभर वाटाण्याचं दाट सूप मिळतं, बस्स. तळ्याच्या काठावर पोहोचल्यावर विल्मानं कोट उतरवला. आत पोहण्याचा पोशाख! गुडघे काटक्यांसारखे, दात वाजताहेत, आणि बाई रांगेत उभी.

"विल्मा, तुला हे करावंसं वाटतं?" मालनबाईंनी विचारलं.

"छे! कुणाला वाटेल?"

"मग का करतेस?"

"कारण करायचं ठरवलंय."

मालनबाईंनी एकदा तळ्याकडं बघितलं. माहेरच्या विहिरीत त्या सात हात खोल सूर मारायच्या. पाण्याची भीती नव्हती, पण या थंडीची मात्र होती. त्यांनी लेकीचा जाड कोट काढून बाकावर ठेवला. आतल्या सलवार-कमीजवर ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि विल्माच्या मागं उभ्या राहिल्या.

"आई! काय करतेयस?" शर्वरी ओरडली. आठवडाभर दोघी कामापुरतंच बोलत होत्या.

"गप बस."

पाण्यापाशी लाल जाकिटातला एक उंच स्वयंसेवक उभा होता. त्यानं नेमाप्रमाणं प्रत्येकाला विचारलं तसं यांनाही विचारलं, पाण्यात जायचं ना? "हो," मालनबाई म्हणाल्या. कर्णा मोठ्यानं डचमध्ये बोलला आणि अख्खी रांग वळून बघायला लागली. स्वयंसेवकानं हात आडवा धरला. त्याचं म्हणणं कानात आलं, "माफ करा, तुमचं यंत्र म्हणतंय तुम्हाला जायचं नाही, तुम्ही घाबरला आहात. इच्छा नसलेल्या कुणालाही आम्ही पाठवत नाही."

विल्मानं मालनबाईंच्या गळ्यावरची पट्टी अलगद सोडवली आणि आपल्या गळ्याला चिकटवली. "मला जायचंय," ती म्हणाली. कर्णा पुन्हा बोलला. रांगेत हशा पिकला. तिलाही जायचं नव्हतं! मागचा एक जाडजूड गृहस्थ ओरडला, "मलाही नाही जायचं!" मग एक तरुणी, मग तिचा मित्र, मग सगळी रांगच थंडीत नाचत 'मलाही नाही, मलाही नाही' करायला लागली. आणि एकही माणूस रांग सोडून गेला नाही.

स्वयंसेवकालाही हसू आवरेना, पण नियम तो नियम. मालनबाईंनी विल्माकडून पट्टी घेतली, त्याच्या तळहातावर ठेवली आणि विल्मानं शिकवलेल्या तुटक्या डचमध्ये, त्याच्या डोळ्यांत बघत, म्हणाल्या, "इक विल." मला जायचंय.

"नक्की?"

"इक विल!"

त्यानं हात बाजूला केला. मालनबाईंनी आई अंबाबाईचं नाव घेतलं आणि धावत सुटल्या. पाणी लागलं तेव्हा श्वासच बंद झाला. छातीत, पोटात, कानांत थंडी घुसली. परत फिर, परत फिर, असं सगळं अंग ओरडत होतं, आणि त्या पुढं जात होत्या. कमरेपर्यंत, छातीपर्यंत, मग डोक्यावरून एक बुडी. वर आल्या तेव्हा शेजारी विल्मा खोकत, हसत होती.

काठावर शर्वरी टॉवेल घेऊन उभी होती. तिच्या हातांना तो नीट धरवत नव्हता. तिनं तो मिठीनंच आईभोवती दाबून धरला.

"वेडी आहेस का तू? काही झालं असतं म्हणजे?"

"काही झालं नाही."

"आवडलं?"

"आवडलं कसलं, डोंबल! जीव जायची पाळी आली होती."

शर्वरी आईच्या निळ्या ओठांकडं बघत राहिली. टॉवेल मात्र तिनं सोडला नाही.

हरकतीची सुनावणी जानेवारीच्या शेवटी झाली. ब्राउवरबाई होत्याच, शिवाय यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा योरिस नावाचा तरुण शास्त्रज्ञ आला होता. मालनबाईंनी हरकतीत दिलेली तळ्याकाठची नोंद त्यानं पट्टीतून काढून तपासली होती आणि तो सरळ बोलला. "यंत्र बिघडलेलं नाही. बाईंच्या अंगात मुलाखतीत आणि तळ्याकाठी, दोन्ही वेळा माघारच होती. चूक आमच्या वर्गवारीत आहे. ओठावर होकार आणि अंगात माघार अशी जी माणसं आम्हाला सापडली, त्या सगळ्यांना आम्ही दबावाखालची म्हणून एका खणात टाकलं. दबावानं हो म्हणणारा आणि निश्चयानं हो म्हणणारा, या दोघांचं शरीर पहिल्या क्षणी सारखंच बोलतं. पट्टी त्या पहिल्या क्षणापुरतीच ऐकते. निश्चय महिनोन् महिने चाललेला असतो, तो तिथं सापडत नाही."

"मग मी फरक कसा ओळखायचा?" ब्राउवरबाईंनी विचारलं. त्यांचा आवाज चिडका नव्हता, काळजीचा होता. "माझ्यासमोर रोज आया येतात. त्यातल्या काहींना खरंच सोडवावं लागतं."

"ते मला सांगता येणार नाही," योरिस म्हणाला.

ब्राउवरबाईंनी शर्वरीला आणि योरिसला बाहेर बसायला सांगितलं. पट्टी खणात ठेवली. साधा दुभाष्या मधे ठेवला.

"तुमच्या मुलीनं राहा म्हटलं का?"

"ती? ती तर जा म्हणतेय! नाताळाच्या आधीपासून भांडतेय माझ्याशी."

"मग तिच्यासमोर वाईट दिसू नये म्हणून?"

"तिच्यासमोर जेवढं वाईट दिसायचं तेवढं दिसून झालंय."

"तुम्हाला इथं आवडतं?"

"नाही," मालनबाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत हे अधिकाऱ्यांसमोर पहिल्यांदाच बोलल्या, आणि त्यांना हलकं वाटलं. "तुमची माणसं चांगली आहेत. पण मला माझी माणसं, माझं ऊन, माझी चूल हवीशी वाटते. रोज वाटते."

"उद्या पस्तावलात तर?"

"पस्तावेन की. रोजच पस्तावते. दुपारी पाव खाताना तर हमखास." ब्राउवरबाईंना हसू आलं, मालनबाई मात्र हसल्या नाहीत. "बाई, माझी लेक पडली आणि मी सात समुद्रांपलीकडं उन्हात बसलेली असले, तर तेही मला सोसणार नाही. दोन्हीकडं दुखणार आहे. कुठलं दुखणं घ्यायचं ते मी निवडलंय. विचार करून निवडलंय. माझं मन तुमच्या यंत्राला दिसलं, ते खरंच आहे. पण मनाला विचारून मी कधी खाणावळ उघडली नाही, आणि मनाला विचारून लेकीला टाकणारही नाही. मला विचारा. मी हो म्हणतेय."

ब्राउवरबाईंनी अर्ज पुढं ओढला. मग म्हणाल्या, "एक वर्षाचा परवाना देते. पुढच्या वर्षी तुम्हाला पुन्हा इथं बोलावीन, एकटीला, पट्टीशिवाय, आणि हेच विचारीन. तुम्ही कधीही नाही म्हणू शकाल. त्यासाठी कुणाला कारण द्यावं लागणार नाही."

"विचारा," मालनबाई म्हणाल्या. "दर वर्षी विचारा."

बाहेर कचेरीच्या पायऱ्यांवर शर्वरी थंडीत उभी होती. आईला बघून तिनं नुसतीच मान वर केली.

"वर्षाचा मिळाला."

शर्वरीनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते भरले होते. "आई, आता ते यंत्र नाही, त्या बाई नाहीत. मला खरं सांग. तुला इथं आवडतं?"

"नाही."

"पुढं आवडेल?"

"माहीत नाही गं. कदाचित नाही आवडणार."

"आणि तरी राहणार?"

"राहणार."

माणसं त्यांच्या बाजूनं चढत-उतरत होती. मग शर्वरीनं उजवा पाय थोडा पुढं केला. बुटाची नाडी सुटून पायरीवर लोळत होती.

"सकाळपासून सुटलीय," ती म्हणाली. "मला बांधता येत नाही, आई. तू बांध."

मालनबाई तिथंच, भर पायरीवर, खाली बसल्या. नाडी ओली झाली होती. त्यांनी ती पिळली, नीट बांधली आणि वर गाठ मारली.

"आता दुसरा पाय."

"ती घट्ट आहे."

"असू दे. पुढं कर."

शर्वरीनं आईच्या खांद्यावर हात टेकला आणि दुसरा पाय पुढं केला.